बंड्याचा उजवा कान

वाई,
१२ नोव्हेंबर १९९५

मर्से,

सहा महिन्यांनी पत्र लिहिते आहे, तेही काम काढून, तेव्हा आधी मला दोन शिव्या घालून घे. घातल्यास? आता वाच.

आमचा बंड्या गेला. पंधरवडा झाला. अंगणात उन्हाला पडला होता तो उठलाच नाही. कुत्र्यासाठी कुणी इतकं तोंड पाडतं का, असं सासूबाई म्हणाल्या. जेवताना माझे पाय अजून टेबलाखाली त्याला चाचपडतात.

तुला एक सांगते, कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या आषाढात ह्यांनी माझ्यावर हात उगारला. बालवाडीत शिकवायला जाऊ का, एवढंच मी पुन्हा विचारलं होतं. सासूबाई समोर होत्या, विरारहून आलेले जितेंद्र भावोजी जेवत होते. दोघांनी ताटातून मान वर केली नाही. बंड्या मात्र उठला, मध्ये उभा राहिला आणि असा गुरगुरला की ह्यांचा हात आपोआप खाली आला. तेव्हापासून मी मनात म्हणते, या घरात सरदाराचे कपडे शोभतील असा हा एकच आहे.

तर तो सरदार तू मला काढून दे. गावातल्या बोकडाला तू पोर्तुगीज कप्तान करतेस, कोंबडीला नथ घालून पेशवाईतली बाई करतेस, मग माझ्या बंड्याला पगडी का नको? खरे कपडे समोर असल्याशिवाय तू ब्रश उचलत नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून पार्सलने आमच्या घराण्याच्या मूळपुरुषाचा अंगरखा आणि पगडी पाठवते आहे. ते वसईच्या लढाईत होते म्हणतात. त्यांचं चित्र कुठंच नाही, हे कपडे तेवढे उरलेत. दसऱ्याला बाहेर काढून हळदकुंकू वाहतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. पेटीची किल्ली माझ्याकडे असते, पुढच्या दसऱ्यापर्यंत ती कुणी उघडत नाही. बंड्याचा फोटोही आत आहे.

कुणाला बोलू नकोस.

सुमेधा


राजोडी,
३ डिसेंबर १९९५

सुमे,

शिव्या घातल्या. आई शेजारी बसली होती म्हणून मोजक्याच.

पार्सल नीट पोचलं. अंगरखा ओटीवरच्या खुर्चीला घातला आहे, अजून डांबरगोळ्यांचा वास मारतो. ज्याचा बोकड मी कप्तान केला तो फ्रेडरिक अंकल रोज कुंपणावरून विचारतो, आता कुणाची पाळी? त्या कप्तानाचा कोट मी आमच्या चर्चच्या नाटकांच्या पेटीतून आणला होता. सणाच्या दिवशी चित्र हॉलमध्ये टांगलं तेव्हा फादर पोट धरून हसले आणि म्हणाले, हा तर आमच्या जुन्या व्हिकार फादरसारखा दिसतो. आमच्याकडे कुणाला राग येत नाही, बोकडाला सोडून.

आता कामाचं. मी आधी कपडे रंगवते आणि चेहरा सगळ्यात शेवटी, एका बैठकीत. फोटोत बंड्याचा उजवा कान ताठ उभा आहे. तो मोडायला माझं मन होत नाही. तेव्हा पगडी डावीकडे जरा कलती बसेल आणि कान बाहेर राहील. मूळपुरुषांना चालेल का विचारून घे.

तुझ्या नवऱ्याबद्दल मी इथं लिहीत नाही. लिहायला बसले तर निब मोडेल. आमची माडीवरची खोली रिकामी आहे आणि दाराला आतून कडी आहे, एवढं लक्षात ठेव. मी आईला काही बोलले नाही, पण पार्सल बघून ती म्हणाली, "ती पोर बरी हाय ना? मेलेल्या कुत्र्यासाठी कोन एवढं पाठवत नाय." आईला शेतातल्या वांग्यांपासून माणसांपर्यंत सगळ्यांची कीड लांबून दिसते.

माझ्याकडची एकच बातमी. शाळेत पाच वर्षं मला दरवर्षी एप्रिलमध्ये कमी करून जूनमध्ये घेतात, ते यंदा संपेल. जूनपासून मला चित्रकलेची शिक्षिका म्हणून कायम करायचा कागद आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरने वर पाठवला आहे. सदतिसाव्या वर्षी मी कुठंतरी कायम होईन.

मर्सी


वाई,
२० फेब्रुवारी १९९६

मर्से,

अंगरखा, पगडी आणि चित्र, तिन्ही मिळालं. कपडे पेटीत जसेच्या तसे गेले. चित्र मी दुपारी दार लावून उघडलं आणि किती वेळ बघत बसले कोण जाणे. कशिद्याचा एक टाकासुद्धा तू सोडला नाहीस. आणि तो कान. मी त्याला हाक मारली गं, खरंच मारली.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून चुका मारून लावलं आहे. साडी काढायला दार उघडलं की सरदार बघतात. सकाळी ह्यांचं काही ऐकून घेतलं की मी उगाच साडी बदलायला जाते.

तू लग्नात दिलेली तैलरंगांची पेटी त्याच कपाटात खाली आहे. सात वर्षांत फोडली नाही. या घरात मी चित्र काढत बसले तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न सगळ्यांना माझ्याआधी पडतो. आपण दोघी शाळेत एका बाकावर बसून चित्रं काढायचो, त्यातली तू चित्रकार झालीस आणि मी तुझी गिऱ्हाईक. तरी बरं, फुकटची.

जूनचं पक्कं झालं की लगेच कळव. मी पेढे घेऊन राजोडीला येणार आहे, परवानगी काढूनच.

सुमेधा


राजोडी,
१४ एप्रिल १९९६

सुमे,

काहीतरी मोठा घोटाळा झाला आहे. तो तूच निस्तरू शकशील, म्हणून लगेच लिहिते.

काल शाळेत सिस्टरने मला ऑफिसात बोलावलं. समोर तुझे जितेंद्र भावोजी बसले होते, सोबत आणखी दोघे. ते म्हणाले, तुमच्या या बाईंनी आमच्या साध्या वहिनीला फसवून मूळपुरुषाचे कपडे मागवले. मूळपुरुषाचं चित्र काढते असं सांगितलं, आणि पाठवलं काय, तर कुत्रा. तुमचे लोक आमच्या सरदारांचा राग अजून असा काढतात का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, सुमेधाला विचारा. ते म्हणाले, तिनंच सांगितलं.

माझा विश्वास नाही. चैत्राच्या साफसफाईत कपाट उघडलं गेलं असेल, चित्र सापडलं असेल आणि त्यांनी आपल्या मनानं गोष्ट रचली असेल. तुझ्या तोंडी घातली की ती खरी वाटते. सिस्टर बिचारी घाबरली आहे. तिने एवढंच म्हटलं की शाळेला वाद नको, वर कागद गेलेला आहे, महिन्याच्या आत खुलासा आण.

तर दोन ओळी सिस्टरच्या नावाने लिही. "चित्र माझ्या सांगण्यावरून काढलं, मर्सीने काही फसवलं नाही." बाकी काही लिहू नकोस. बंड्या कधी मध्ये उभा राहिला, ते तर मुळीच नको. तुझं नोव्हेंबरचं पत्र माझ्याकडे आहे, पण ते मी कुणाला दाखवावं असं नाही, हे तुला कळतंय ना?

वाट बघते.

मर्सी


वाई,
१० मे १९९६

मर्सी,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. रोज लिहायला घेते आणि कुणीतरी येतं.

तू म्हणतेस तसंच झालं, पाडव्याच्या आधी सासूबाईंनी कपाट झाडायला काढलं. चित्र बघून त्यांनी ह्यांना हाक मारली. हे आले. मला विचारलं, हे काय? मी काय सांगणार होते? या घरात हाच एक लायकीचा होता, असं सांगायचं का? माझ्या तोंडातून निघून गेलं की कपडे मर्सीने मागवले, मला वाटलं मूळपुरुष काढील, आल्यावर लाजेने लपवून ठेवलं. एकदा निघालेला शब्द मागे कसा घेऊ? भावोजी शाळेत जातील असं मला वाटलं नव्हतं, आईची शपथ.

चित्र त्यांनी चुलीत घातलं. माझ्यासमोर. म्हणजे आता काही उरलं नाही, ते प्रकरण तिथंच संपलं असं समज.

सिस्टरना मी लिहू शकत नाही. पत्र टपालात टाकायला हेच जातात. हे पत्रसुद्धा शेजारच्या विनीच्या हाती देते आहे. तू हुशार आहेस, एवढी चांगली चित्रं काढतेस, तुला दुसरी शाळा कुठंही मिळेल. मला दुसरं घर मिळणार नाही.

एक मागते. नोव्हेंबरचं पत्र जाळून टाक, नाहीतर मला परत पाठव. ते कुणाच्या हाती पडलं तर मी संपले.

सुमेधा


राजोडी,
१८ जून १९९६

सुमेधा,

शाळा सुरू झाली. माझ्या जागी नालासोपाऱ्याची एक मुलगी आली आहे. मुलं तिलाही मर्सी टीचर म्हणतात म्हणे, सवयीने. मला सिस्टरने गेटवर भेटून सांगितलं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिचा मला राग नाही. तिला कुणीच काही लिहून दिलं नव्हतं.

सिस्टरने दिलेला महिना संपायच्या आदल्या दिवशी मी तुझं नोव्हेंबरचं पत्र पर्समध्ये घालून शाळेत गेले होते. ऑफिसच्या बाकावर तासभर बसले. ते एक पान टेबलावर ठेवलं असतं तर मी कायम झाले असते. मग ते पान जितेंद्रकडे गेलं असतं, तिथून वाईला, आणि या वेळी मध्ये उभं राहायला बंड्या नाही. मी उठून घरी आले. आईने विचारलं, "दावलंस?" मी नाही म्हटलं. तिनं ताट वाढलं.

तू भ्यायलीस ते मला समजतं. पण दुसरी शाळा कुठंही मिळेल, हे तू लिहायला नको होतंस. भीतीने खोटं बोललीस तिथवर मी तुझ्या बाजूने होते. तो सल्ला तू शांतपणे दिलास.

पत्र जाळणार नाही, दाखवणारही नाही. माडीवरची खोली अजून रिकामी आहे. त्यापुढे मला तुझ्याशी बोलायचं नाही.

मर्सी


नालासोपारा,
२१ नोव्हेंबर १९९९

सुमेधा,

साडेतीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. पत्र विनीच्या पत्त्यावर टाकते आहे.

मी आता ज्युलियसच्या छापखान्यात काम करते. लग्नपत्रिकांवर गणपती आणि क्रूस काढते, जुन्या फोटोंवरचे डाग ब्रशने पुसते. प्राण्यांची चित्रं बंद आहेत. फ्रेडरिक अंकल अजून विचारतो.

परवा तुमच्या घराण्याच्या मेळाव्याची स्मरणिका छापायला आली. विरारला सव्वीस जानेवारीला मेळावा आहे, स्वागताध्यक्ष जितेंद्र. मुखपृष्ठासाठी एक रंगीत फोटो होता, खाली लिहिलं होतं, "आमचे मूळपुरुष, घरातील प्राचीन तैलचित्रावरून." फोटोवर दोन डाग होते, म्हणून ज्युलियसने तो माझ्या टेबलावर ठेवला.

अंगरखा मी ओळखला. डाव्या खांद्यावरच्या वेलबुट्टीत एक पान मी चुकून उलटं काढलं होतं, ते तसंच आहे. पगडी डावीकडे कलती आहे. माणसाच्या डोक्यावर अशी पगडी बसत नाही सुमेधा, उजवीकडे बोटभर फट राहिली आहे. तिथून एक कान बाहेर यायला हवा होता, तिथं तपकिरी रंग आहे. आणि खाली मिशीवाला चेहरा.

चित्र चुलीत घातलं, तुझ्यासमोर, असं तू लिहिलं होतंस.

ज्या चित्रापायी माझी नोकरी गेली त्याला आता हार घालतात. मला एकच विचारायचं आहे. चेहरा कुणी रंगवला?

मर्सी


वाई,
१५ डिसेंबर १९९९

प्रिय मर्से,

तुझं पत्र वाचून, खरं सांगू, बरं वाटलं. रोज ते ओझं होतं.

चित्र जाळणारच होते. हे घेऊनही गेले होते चुलीपाशी. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, अंगरखा कसा जाळायचा? त्याला आपण दसऱ्याला हळदकुंकू वाहतो. काढलेला असला म्हणून काय झालं, हुबेहूब तोच आहे. मग कुणाचाच हात होईना. भावोजी म्हणाले, कपडे राहू देत, तोंड तेवढं बदला. तसं मूळपुरुषाचं चित्र घरात नव्हतंच. बाजारातला पाट्या रंगवणारा बोलावला, भावोजी त्याच्यासमोर दोन दुपारी खुर्चीत बसले. मला कुणी काही विचारलं नाही. जाळलं असं मी तुला लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुला जास्त वाईट वाटू नये.

आता दसऱ्याला पेटीबरोबर चित्राचीही पूजा होते. मी हार करते. हार घालताना मान वर करत नाही.

थोडं बरंही झालं आहे, ते तुला सांगायला हवं. ह्यांचा हात त्यानंतर उठला नाही. आणि शहाण्णवच्या जूनपासून मी बालवाडीत जाते. घरच्यांनीच आपणहून जा म्हटलं. वीस मुलं आहेत, त्यांना फुलं काढायला शिकवते तेव्हा तुझी आठवण येते.

मेळाव्याला सगळे येणार, मीही येणार. तू काही बोलू नकोस. बोलणार नाहीस हे मला माहीत आहे, तू तशी नाहीस. पण ते पत्र अजून तुझ्याकडे आहे या विचाराने मला झोप लागत नाही. माझ्यासाठी एवढं शेवटचं कर. आपण एका बाकावर बसलेल्या आहोत.

तुझीच,
सुमेधा


राजोडी,
९ जानेवारी २०००

सुमेधा,

तुझं १२ नोव्हेंबर १९९५ चं पत्र सोबत आहे. घडी तूच घातलेली आहे. मी त्याची प्रत काढलेली नाही. आता नीट झोप.

पाट्या रंगवणारा, असं तू लिहिलंस. त्याचं नाव नाही लिहिलंस, एरवी तू भाजीवाल्याचंही नाव लिहितेस. पण मला नाव नकोच होतं. मी तो फोटो भिंगाखाली दोन तास बघितला आहे. भुवयांची दोन्ही टोकं वर वळवलेली आहेत. सातवीत असताना ड्रॉइंगच्या बाईंनी तुला त्यावरून किती वेळा टोकलं, दोन्ही टोकं वर गेली की माणूस नाटकातला दिसतो म्हणून. मी तुझ्या बाकावर बसलेली होते, तूच आठवण करून दिलीस. आणि तो तपकिरी रंग मी लग्नात दिलेल्या पेटीतला आहे. ती पेटी तू शेवटी फोडलीस.

तुला कुणी विचारलं नाही, असं तू म्हणतेस. विचारलं असणार. घरात ब्रश धरता येणारी तू एकटी. मला वाटतं त्यांनी म्हटलं असेल, हे निस्तर, म्हणजे आम्ही विसरू. मग जितेंद्र दोन दुपारी खुर्चीत बसला आणि तू त्याला बंड्यावर चढवलंस. जेवताना ज्याने मान वर केली नाही त्याचं तोंड, मध्ये उभा राहिला त्याच्या तोंडावर. त्याबद्दल तुला बालवाडी मिळाली. माझी शाळा गेली त्याच जूनमध्ये. मला हे लिहिताना राग येत नाही म्हटलं तर खोटं होईल. खूप येतो. नोकरी गेली तेव्हा आला नव्हता एवढा येतो. तेव्हा मला वाटलं होतं तू भ्यायलीस. माझ्याच रंगांनी, सावकाश, दोन दुपारी बसून कुणी भीत नाही.

स्मरणिकेचं मुखपृष्ठ मी नीट करून दिलं. दोन्ही डाग पुसले. चेहऱ्याला हात लावला नाही, मेळाव्याला येणार नाही आणि कुणाला काही सांगणारही नाही. माडीवरच्या खोलीत आईने आता कांदे पसरले आहेत.

जाता जाता धंद्यातली एक गोष्ट सांगते, तू शिकायची राहिलीस म्हणून. तैलरंग टर्पेंटाईनने पातळ करून दिला, आणि सात वर्षं पडून घट्ट झालेला तुझा रंग तू पातळ केलाच असणार, तर तो थर कायम टिकत नाही. वर्षं जातात तसा तो पारदर्शक होत जातो आणि खालचं वर यायला लागतं. मी खाली जाड रंग दिला आहे, सगळ्यात जाड चेहऱ्यावर, एका बैठकीत. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. वीस, पंचवीस. तुमच्या भिंतीवर ऊन येतं की नाही त्यावर आहे.

आधी उजवा कान दिसेल. तिथं तुझा थर सगळ्यात पातळ आहे, फोटोतही कळतं. दसऱ्याचा दिवस असेल, हार तूच घालत असशील. त्या दिवशी मान वर कर आणि त्याला नावाने हाक मार.

मर्सी